चंद्रपूर-गडचिरोलीत भुतापऱ्यांची पुस्तकं कितीला पडतात?

दोनशे रुपये छापील किमतीचं पुस्तक पुण्यातल्या मुलाला सवलतीत पावणेदोनशेला मिळतं. तेच पुस्तक आणायला भामरागडचा माणूस चंद्रपूरला आला, तर त्याला ते छापील किमतीच्या चौपट-पाचपट पडतं. पुस्तक महाग नसतं, रस्ता महाग असतो. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या पालकांसाठी पुस्तकांची नुसती यादी पुरेशी नाही. पुस्तक कुठून आणायचं, किती जणांनी मिळून आणायचं आणि कोणतं मुळीच विकत घ्यायचं नाही, हेही ठरवावं लागतं.

हा लेख बारा ते अठरा वयाच्या वाचकांच्या पुस्तकांबद्दल आहे. 'इसापनीती' आणि 'अकबर-बिरबल' मागे पडलेत आणि आता काहीतरी अंधारं, जादूचं, अंगावर काटा आणणारं पाहिजे, असं म्हणणारी ही मुलं. मोबाइलवरच्या रीळमधून त्यांना इंग्रजी काळ्या परीकथांची नावंही कळलेली असतात. त्यांना गप्प बसवू नका. पाठ्यपुस्तकाबाहेरचं चारशे पानी पुस्तक ज्या वयात एका बैठकीत संपतं, ते वय हेच.

निकाल आधीच सांगून टाकतो. सुरुवात फुकटच्या पुस्तकांनी करा. मग ग्रंथालयात नाव घाला. विकत घ्यायचंच झालं तर चार-पाच घरांनी मिळून टपालाने मागवा. आणि पैसे त्याच पुस्तकावर घाला, जे पोरगं दोनदा वाचेल.

मूल नेमकं काय मागतंय?

'भुताचं पुस्तक' या एका मागणीत चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि चारही गोष्टींची किंमत वेगळी आहे. पुढचे आकडे साध्या बांधणीच्या आवृत्तीचे, ढोबळ आहेत. नवी आवृत्ती आली की किंमत बदलते, म्हणून पैसे पाठवण्याआधी फोनवर विचारून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे आपलं जुनं अद्भुत: वेताळ, यक्ष, राक्षस, शाप, परकायाप्रवेश. 'वेताळ पंचविशी', 'सिंहासन बत्तिशी' यांच्या संक्षिप्त आवृत्त्या १०० ते २०० रुपयांत मिळतात.

दुसरी, मराठी भयकथा आणि गूढकथा. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ही इथली मोठी नावं. एका पुस्तकाला २०० ते ३५० रुपये धरा.

तिसरी, मराठीत अनुवादित झालेल्या जादूनगरी. यांची पानं जास्त, म्हणून किंमतही जास्त: ३०० ते ६०० रुपये.

चौथी, इंग्रजीतल्या काळ्या परीकथा. यांतल्या पऱ्यांच्या हातात चांदणीची छडी नसते. त्या देखण्या, बेरकी आणि निर्दय असतात, माणसाला शब्दात पकडतात आणि सौद्यात फसवतात. ही पुस्तकं ४०० ते ६०० रुपयांच्या घरात जातात, आणि नकली प्रतींचा सुळसुळाटही यांच्यातच.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. बिलात पुस्तकाच्या किमतीवर कोणी कर लावला असेल तर कारण विचारा. मागच्या पानावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही.

रस्त्याचा खर्च

जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. त्या हिशेबाने गडचिरोलीहून चंद्रपूरचे सुमारे ८० किलोमीटर म्हणजे एका बाजूचे १४० रुपये. चंद्रपूरहून नागपूरचे दीडशे किलोमीटर म्हणजे अडीचशे. भामरागडहून चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे एका बाजूचे साडेतीनशेच्या आसपास आणि जाऊन-येऊन सातशे. त्यात चहा-नाश्ता आणि बुडालेली मजुरी धरलेली नाही. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळे खरेदीला आई किंवा ताई गेली तर रस्त्याचा खर्च निम्म्यावर येतो.

तरीही फक्त पुस्तकासाठी नागपूर गाठणं परवडत नाही. दवाखाना, लग्न, प्रवेश अशा कामाने जाणं होणार असेल तर यादी खिशात ठेवा आणि सीताबर्डीच्या पुस्तकांच्या दुकानांत तासभर काढा. एरवी टपाल बरं.

टपालाची एक सोय अजून अनेकांना माहीत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा बंद केली आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा आली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल कुठे पोहोचलं ते ऑनलाइन पाहता येतं. ते जमिनीच्या मार्गाने येतं, म्हणून घाई असेल तर ही सेवा उपयोगाची नाही.

खरी बचत या दरांतच आहे. दोनशे पानांचं एक पुस्तक पॅकिंगसह तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. एकटं मागवलं तर टपालाचे वीस-पंचवीस रुपये पडतात. तशीच पंधरा पुस्तकं पाच किलोंच्या एका पार्सलमध्ये मागवली तर प्रत्येकी सात-आठ रुपये. प्रकाशकाला फोन करून 'ज्ञान पोस्टने पाठवाल का' असं थेट विचारा. बरेच विक्रेते सवयीने खासगी कुरिअर करतात. कुरिअर चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, देसाईगंज, गडचिरोली इथे नीट येतं. एटापल्ली, धानोरा, कोरची, भामरागडच्या आतल्या गावांत मात्र ते घरपोच येईलच याचा भरवसा नाही. अशा पत्त्यांना पोस्टमनच खरा.

ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर पैसे भरण्याआधी आपला पिनकोड टाकून पाहा. घरपोच सेवा मोफत मिळण्यासाठी किमान किती रुपयांची खरेदी लागते तेही बघा. दीडशेच्या पुस्तकावर साठ-सत्तर रुपये पोहोचवण्याचे लागणार असतील तर थांबा आणि शेजाऱ्याची मागणी त्यात घाला.

फुकटात काय मिळतं?

बरंच काही, आणि तेही चोरीचं नाही.

'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मराठीतल्या नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या गूढ, साहसी, अद्भुत गोष्टी त्यांत विखुरलेल्या आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दिवाळी अंकांपासून सुरुवात करून द्या.

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात. त्या मुख्यतः लहानांसाठी आहेत. पण ज्या मुलाची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे आणि मराठी वाचायला अजून जड जातं, त्याला हा जिना सोयीचा. 'ई-साहित्य प्रतिष्ठान' लेखकांच्या परवानगीने मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. तिथे भयकथाही सापडतात, मात्र दर्जा कमी-जास्त असल्याने आधी स्वतः चाळा. केंद्र सरकारचं 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' हे अ‍ॅपही मुलांसाठी मोफत आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे नाथमाधवांसारख्या १९२८ मध्ये गेलेल्या लेखकाचं साहित्य कायदेशीररीत्या फुकट वाचता येतं. त्यांची 'वीरधवल' ही शंभरी ओलांडलेली अद्भुतरम्य कादंबरी आहे. भाषा जुनी आहे, पहिली तीस पानं चिकाटी लागते.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या संकेतस्थळावर अँड्र्यू लँगचे रंगांच्या नावांचे परीकथासंग्रह आहेत. त्यांतला पहिला, निळा, १८८९ चा. तिथेच सी. ए. किंकेड यांचं १९१४ चं 'डेक्कन नर्सरी टेल्स' मिळतं. आपल्या आजीच्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत कशा दिसतात हे पाहायला मुलांना मजा येते. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे दोन मूळपुरुषही तिथेच फुकट.

आणखी एक ठेवा थेट आपल्या भागाचा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नोंदवून ठेवलेलं लिंगोचं गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापलं. गुहेत कोंडलेले गोंड आणि त्यांना सोडवणारा लिंगो, ही कथा कोणत्याही परदेशी जादूनगरीला भारी आहे. इंग्रजी जुनं आहे, म्हणून शिक्षकांनी मराठीत सांगावं. ज्यांच्या घरी ही कथा अजून तोंडी चालते, त्यांनी पुस्तक शोधू नये, आजोबांना विचारावं. मात्र लिंगो हा गोंडांसाठी देवपुरुष आहे. ती कथा भुताखेतांच्या रांगेत बसवू नका.

फुकटच्या पुस्तकात एक फसवा खर्च दडलेला असतो. 'मोबाइलवर डोळे दुखतात, छापून आणू' असं म्हणून दोनशे पानं झेरॉक्सच्या दुकानातून काढलीत तर पानाला दोन रुपयांनी चारशे होतात. तेवढ्यात नवं पुस्तक येतं. छापू नका. तालुक्याला नेटवर्क असताना उतरवून घ्या आणि गावी निवांत वाचा.

ग्रंथालय: सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग आणि सरकारी अनुदान मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी असं एखादं ग्रंथालय बहुधा सापडतंच. नाव घालताना चार गोष्टी विचारा: अनामत किती आणि ती परत मिळते का, महिन्याची वर्गणी किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, आणि उशीर झाला तर दंड किती. अनामतीची पावती जपून ठेवा. गाव सोडताना ती रक्कम परत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

बऱ्याच ग्रंथालयांत भयकथांची कपाटं भरलेली असतात, कारण एकेकाळी धारपांना मोठी मागणी होती. आता ती पुस्तकं स्पर्धा परीक्षेच्या गठ्ठ्यांमागे गेली आहेत. ग्रंथपालांना नाव सांगून मागा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. एकाच पुस्तकासाठी पाच मुलांनी नाव लिहिलं तर पुढच्या खरेदीत ते येण्याची शक्यता वाढते. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव भरतो, तिथे विक्रेते सवलत देतात आणि ग्रंथालयंही खरेदी करतात. तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात कळते.

गडचिरोली पोलिसांनी 'एक गाव, एक वाचनालय' या उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालयं उघडली आहेत. तिथे जोर भरतीच्या आणि परीक्षेच्या पुस्तकांवर असतो. पण जागा आहे, टेबल आहे, कपाट आहे. वाचून झालेली गोष्टींची पुस्तकं तिथे भेट द्या, दुसऱ्या दिवसापासून वाचक मिळेल.

सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. यंदा कोणती पुस्तकं घेतली, त्यांत आठवी-नववीच्या मुलांना रस वाटेल अशी किती, हे समितीच्या बैठकीत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

देसाईगंज, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यातल्या वाचकांना शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध जवळ पडतं. भिलारच्या धर्तीवर 'पुस्तकांचं गाव' म्हणून सरकारने विस्तार योजनेत त्याची निवड केली. सहलीला जंगल आणि तलाव बघायला जाणार असाल तर दुपार पुस्तकांना द्या.

कोणत्या वयाला काय द्यावं?

*बारा-तेरा.* मतकरींची 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाट्यं संहिता म्हणून वाचायला उत्तम, आणि शाळेच्या गॅदरिंगलाही उपयोगी. चेटकीण इथे हास्यास्पद आहे, हा मोठा गुण. 'वेताळ पंचविशी' याच वयात द्या. प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा राजा आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोड्यात टाकणारा वेताळ, ही कल्पना जुनी होत नाही. अनुवादित हवं असेल तर 'हॅरी पॉटर आणि परीस' हा पहिला भाग मंजुल पब्लिशिंग हाउसने मराठीत आणला आहे. पूर्ण संच घेऊ नका. पहिला भाग दहा दिवसांत संपला तरच दुसऱ्याचा विचार करा.

*चौदा-पंधरा.* इथे धारप सुरू करा. नारायण धारप (१९२५-२००८) यांची पुस्तकं छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने पुन्हा बाजारात आणली आहेत. सुरुवात 'समर्थ' मालिकेने करा. वाईट शक्ती कितीही मोठी असली तरी समोर एक जाणता माणूस उभा आहे, हा दिलासा त्या कथांत असतो. 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक गोष्ट मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात ऐकवली होती, आणि चित्रपटाचं बीज तिथलं, असं त्यांनी सांगितलं आहे. नागझिरा म्हणजे आपल्याच झाडीपट्टीतलं रान. ही माहिती दिली की न वाचणारं पोट्टंही पुस्तक उघडतं.

याच वयात मारुती चितमपल्ली द्या. वनाधिकारी म्हणून त्यांनी विदर्भाच्या जंगलांत, नवेगावबांधला, वर्षानुवर्षं काढली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. प्राण्यापक्ष्यांची भाषा शिकवणाऱ्या निळावंतीच्या दंतकथेचं नाव त्यांच्या एका पुस्तकाला आहे, आणि 'चकवाचांदण' हे त्यांचं आत्मकथन. या भयकथा नाहीत. पण चकवा लागणं, रात्रीचे आवाज, जंगलातल्या समजुती यांचं इतकं जवळून केलेलं वर्णन भुतांच्या पुस्तकांतही मिळत नाही.

*सोळा-सतरा.* धारपांची 'लुचाई' आता द्या. रक्तपिपासूंनी एक गाव हळूहळू गिळण्याची ही कथा स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. रात्री एकट्याने वाचू नये, एवढी ती खरी वाटते. मतकरींच्या मोठ्यांसाठीच्या गूढकथा, विशेषतः 'खेकडा' हा संग्रह, या वयाच्या आधी नको. त्यांतली भीती भुताची नाही, माणसाच्या मनाची आहे. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'मध्ये 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा आहेत. काळं, भव्य, परक्या जगातलं अद्भुत मराठीत कोणी लिहिलं, या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं. टॉल्किनच्या महाकादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आहे. तीन खंडांचा खर्च मोठा, म्हणून ग्रंथालयाकडे मागणी करा.

*इंग्रजी काळ्या परीकथा.* मुलगी किंवा मुलगा हॉली ब्लॅकच्या 'द क्रूएल प्रिन्स'चं (२०१८) नाव घेईल. परीलोकात वाढलेली एक माणसाची मुलगी तिथल्या दरबारी कारस्थानांत उतरते, अशी ती कथा. हिंसा आहे, कपट आहे; चौदाच्या पुढे चालेल. त्याच लेखिकेची, टोनी डिटर्लिझी यांच्यासोबतची 'स्पायडरविक' मालिका धाकट्यांसाठी आहे. सारा जे. मास यांचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) मात्र मुखपृष्ठ पाहून घेऊ नका. त्यात उघड शृंगारप्रसंग आहेत आणि ते प्रौढांसाठी म्हणूनच विकलं जातं. दुकानात ते कुमारांच्या फळीवर ठेवलेलं दिसलं तरी अठरापर्यंत थांबा.

थोड्या मोठ्या मुलाला 'कथासरित्सागर'ही दाखवा. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये तो रचला. त्याच्या मुळाशी असलेल्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची दंतकथा थेट आपल्याकडची आहे. सातवाहन राजाने ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला, आणि श्वापदं चरणं सोडून ऐकत, रडत बसली. शेवटी एक सप्तमांश तेवढा वाचला. मराठी अनुवाद अनेक खंडांचा आहे. घरी घेण्यापेक्षा ग्रंथालयात वाचा.

इथे जास्त जपून निवडा

मुंबईच्या मुलाला चेटकीण ही फक्त गोष्टीतली असते. आपल्या दोन जिल्ह्यांत तसं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा इथे जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे, तरी ही स्थिती.

म्हणून गावातली म्हातारी चेटकीण निघते आणि तिला मारल्यावर गाव सुखी होतं, असा शेवट असलेलं पुस्तक इथल्या तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नका. बंदी घालायची गरज नाही. सोबत वाचा आणि विचारा की तिला चेटकीण ठरवलं कोणी, आणि कशावरून. परग्रहावरचं, पडक्या वाड्यातलं, शापित राज्यातलं भूत चालेल. शेजारच्या घरातलं भूत असेल तर बोलणं हवं. साती आसरांसारखी दैवतं कोणाच्या तरी श्रद्धेची आहेत, त्यांची टिंगल करणारं पुस्तकही तसंच तपासून घ्या.

वाघाच्या गोष्टींचंही तेच. तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी माणसं दगावतात. ज्या घरात अशी घटना झाली आहे, तिथल्या मुलाला नरभक्षकाची रोमहर्षक शिकारकथा भेट देऊ नये.

नकली प्रत आणि तक्रार

फुटपाथवर किंवा समाजमाध्यमांवरच्या विक्रेत्याकडे पाचशेचं इंग्रजी पुस्तक दीडशेला मिळत असेल तर ते बहुधा चोरून छापलेलं असतं. ओळख सोपी आहे: कागद पातळ आणि पारदर्शक, अक्षरं फिकट किंवा पुसट, मुखपृष्ठाची कड वाकडी कापलेली, मधलीच सोळा पानं गायब. फोनवर फिरणाऱ्या चालू लेखकांच्या पीडीएफही चोरीच्याच. हक्क डावलून पुस्तकं विकणाऱ्याला स्वामित्वहक्क कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. स्वस्त हवं असेल तर जुनं पण खरं पुस्तक घ्या. निम्म्या किमतीचं जुनं पुस्तक हा उत्तम व्यवहार आहे.

ऑनलाइन घेतलेलं पुस्तक फाटकं किंवा चुकीचं आलं तर पाकीट उघडतानाच फोटो काढा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. बिल मात्र हवं. म्हणून शंभराच्या पुस्तकाचंही बिल घ्या.

तीन अंदाजपत्रकं

*५०० रुपये, एक घर.* 'समर्थ' मालिकेतलं एक पुस्तक २५० धरा, टपालाचे २५. उरलेले सव्वादोनशे ग्रंथालयाच्या अनामतीला आणि वर्गणीला. बाकी वाचन 'किशोर'च्या जुन्या अंकांतून.

*१,५०० रुपये, एक घर, एक वर्ष.* 'वेताळ पंचविशी' १५०, दोन धारप ५००, हॅरी पॉटरचा पहिला भाग ४००, एक चितमपल्ली ३००. टपाल आणि पॅकिंग १०० धरून १,४५०. एकदम घेऊ नका. आधी दोन, ती वाचली गेली तर पुढची.

*५,००० रुपये, पाच घरं.* प्रत्येकी हजार काढा. सरासरी पावणेतीनशेची वीस पुस्तकं म्हणजे साडेपाच हजार. एकगठ्ठा मागणीवर पंधरा टक्के सूट मागा, मिळाली तर ४,६७५ होतात. दोन पार्सलांचं टपाल आणि पॅकिंग धरूनही पाच हजारांच्या आत बसतं. प्रत्येक घरात चार पुस्तकं ठेवा आणि दर महिन्याला ती पुढच्या घरी सरकवा. पाच महिन्यांत प्रत्येक मुलाची वीस पुस्तकं वाचून होतात, एक पुस्तक पन्नास रुपयांना पडतं. शेवटी सगळा गठ्ठा शाळेला किंवा गावच्या वाचनालयाला द्या.

तीनही पर्यायांत तिसरा सर्वांत फायद्याचा, आणि भामरागड-सिरोंच्यासारख्या लांबच्या तालुक्यांत तर तोच एक परवडणारा. १५ ऑक्टोबरला शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्याच्या महिनाभर आधी चार शेजाऱ्यांशी बोला, मुलांकडून यादी करून घ्या आणि मागणी पाठवा. यादी मुलांनाच करू द्या; पालकांनी फक्त वय, किंमत आणि शेवटचं पान तपासावं.